कुलपाआधीची शेवटची बशी

मी एक जुनी ऊबपेटी आहे. डहाणूतल्या एका लहानशा प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात उभी असते. जंतूंना ऊब देणं हे माझं काम. हसू नका, मित्रांनो! जंतू वाढल्याशिवाय ते कोणत्या औषधाला दाद देत नाहीत, हे कळणार कसं?

कासाच्या बाजारातली कोंबडी, धाकट्या डहाणूची मासळी, यांतले जंतू आमचा तंत्रज्ञ सुदर्शन काचेच्या बशीत पसरायचा, वर औषधांच्या टिकल्या मांडायचा आणि बशी माझ्या पोटात ठेवायचा. टिकलीभोवती स्वच्छ कडं उमटलं की ते औषध चालतं. "आमची पेटी कधी दगा देत नाही," असं प्रयोगशाळेच्या प्रमुख रश्मीताई पाहुण्यांना सांगायच्या. मी फुलून जायचे, पण पारा हलू द्यायचे नाही.

मग निधी थांबला. बाजारातून नमुने येईनासे झाले. माझ्या दाराचं रबर झिजलं, ते सुदर्शनने चिकटपट्टीने बांधलं. शेवटी वीज तोडून खोलीला कुलूप लावायचा हुकूम निघाला.

वरच्या कचेरीतले वासुदेवसाहेब कुलूप घेऊन आले, त्या सकाळी माझ्या पोटात एकच बशी होती. सायवनच्या रूपीचा मुलगा दिपक जुलाबांनी रुग्णालयात निपचित पडला होता. नेहमीची औषधं लागू पडत नव्हती. त्याच्याच पोटातले जंतू त्या बशीत होते. रूपी आमच्या दारात बसून होती.

"साहेब, दुपारपर्यंत थांबा," रश्मीताई म्हणाल्या.

"मॅडम, निधीच नाय तर मी काय करू? मला पण वरून फोन येतायत."

त्यांचा हात बटणाकडे गेला. मी हादरले. आत्ता थंड पडले असते, तर सगळंच वाया गेलं असतं.

तेवढ्यात रूपी उठली. "साहेब, कोंबड्या मानमोडीनं माना टाकाय लागल्या, तवा पोराच्या मागल्या दुखण्यातल्या उरलेल्या गोळ्या मीच त्यांच्या पाण्यात घातल्या. टाकायच्या कशाला? पाड्यावर समदेच घालतात. मग कोंबड्या कासाला विकल्या, एक घरी रांधली."

अशा अर्धवट औषधाने कोंबडीतले जंतू मरत नाहीत, उलट त्या औषधाला सरावतात आणि मग तेच माणसाच्या पोटात जातात. साहेबांनी हात मागे घेतला. "आमच्या घरी पण कासाचीच कोंबडी येते," ते पुटपुटले आणि स्टुलावर बसले.

दुपारी बशी बाहेर आली. चार टिकल्यांना जंतू अगदी खेटून वाढले होते. पाचवीभोवती मात्र कडं होतं. "मॅडम, पाचवं चालतंय!" सुदर्शन ओरडला आणि फोनकडे धावला. दिपक वाचला.

कुलूप मात्र लागलंच. मित्रांनो, मी आता अंधारात थंडगार उभी आहे. माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण उरलेल्या गोळ्या कोंबड्यांना घालू नका आणि मला का बंद ठेवलंय, हे मोठ्या माणसांना विचारा. कासाला कोंबडी आजही विकली जाते. तिच्यातल्या जंतूंवर ते पाचवं औषध अजून चालतं का, हे आता कुणालाच माहीत नाही.