पानं कुठं जात नाहीत

“महांतेशअण्णा, उलटा की आता. गठ्ठा धरून काय बसलात?” हेमलता म्हणाली.

“स्वल्प थांबा अक्का. चहा तर पिऊ द्या.”

बनशंकरीतल्या नंदकिशोरच्या घरी दर शनिवारी दुपारी पोकरचा डाव बसायचा. महांतेश त्याचा कारखान्यातला जुना सोबती, मूळचा निपाणीचा. हेमलता वरच्या मजल्यावरची. प्रत्येकाला दोन पानं, ती ज्याची त्यानं लपवायची. मग मधे तीन पानं उघडी पडायची, ती सगळ्यांची. पैसे नव्हते. नंदकिशोरच्या बायकोच्या, प्रेमाच्या, शिवणाच्या डब्यातली बटणं डावावर लावायची.

प्रेमाला जाऊन चार महिने झाले होते. ती असताना नंदकिशोर नेहमी हरायचा. तीन पानं उलटली की त्याचे डोळे पानांवरच खिळायचे, आणि डावीकडं बसलेली प्रेमा टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दाबायची. नंतर कप विसळताना म्हणायची, “पानं उलटताना माणसांकडं बघा हो. पानं कुठं जात नाहीत. चेहरा क्षणभरच उघडा असतो.” पण आयुष्यभर तो कारखान्यात तयार माल तपासत आलेला. समोर ठेवलेली वस्तू, एवढंच त्याला बघता यायचं.

ती गेल्यापासून मात्र तो जिंकू लागला होता. दर शनिवारी. हेब्बाळच्या लेकीला, शमिकाला, त्यानं फोनवर सांगितलंही होतं, “मला जमायला लागलंय गं. तुझ्या आईनं बघायला हवं होतं.” प्रेमाला सांगावं असं चार महिन्यांत त्याच्याकडं एवढंच होतं.

आज त्याच्या हातात दोन काळ्या सत्त्या होत्या. आज तिचं ऐकायचंच, असं त्यानं ठरवलं.

महांतेशनं तीन पानं उलटली. नंदकिशोरनं मान वर केली.

महांतेश पानांकडं बघत नव्हता. हेमलताही नाही. दोघं त्याच्याकडंच बघत होती, ताप आलेल्या पोराकडं बघावं तशी.

मग त्यानं पानं पाहिली. एक्का, नव्वी, चौकी. तिन्ही बदाम. कुणाच्या हातात आणखी दोन बदाम असले, तर त्याच्या सत्त्यांची काही किंमत नव्हती. तरी त्यानं चार बटणं पुढं सरकवली.

“मी पॅक,” हेमलता म्हणाली.

“मीबी. नंदूअण्णा, आज बी तुमचीच चलती की!” महांतेशनं आपली पानं पालथी टाकली.

टाकलेलं पान उलटायचं नाही, हा प्रेमाचाच नियम. नंदकिशोरनं ती दोन्ही पानं उलटली. बदाम राजा. बदाम तिर्री.

“कधीपासून?”

“तसं न्हवं अण्णा...”

“कधीपासून, महांतेश?”

“वैनी गेल्यापासनं.” महांतेश खाली बघत म्हणाला. “पैल्या शनवारी तुम्ही खरंच जिंकलासा. आणि त्यादिवशी दोन चपात्या खाल्लासा. त्याआधी धड जेवतच न्हवता. मग आम्ही म्हटलं, जिंकू देत की.”

हेमलतानं संपलेल्या चहाची कपात उरलेली साय चमच्यानं उगाच ढवळली.

नंदकिशोरनं पानं गोळा केली. बराच वेळ पिसली.

“चपात्या मी खाईन,” तो म्हणाला. “पण ती होती तेव्हा हरवत होतात ना मला? तसंच हरवा.”

“सरी, हरवतो,” महांतेश म्हणाला आणि नाक पुसलं.

नवा डाव वाटला गेला. या वेळी हेमलतानं तीन पानं उलटली. नंदकिशोरनं वर पाहिलं. महांतेशची नजर पानांवर होती, तोंड पडलेलं. हेमलतानं पानं पाहिली आणि झटकन स्वतःच्या बटणांकडं पाहिलं.

टेबलावर एक्का, राजा, पंजी. नंदकिशोरच्या हातातही एक राजा होता. त्यानं दोन्ही पानं पालथी टाकली.

“पॅक.”

“अय्यो भाऊजी!” हेमलतानं आपली पानं आपटली. दोन एक्के. “कधी नव्हे ती चांगली पानं आली होती मला! कसं हो कळलं तुम्हाला?”

टेबलाखाली नंदकिशोरनं पाय जरा डावीकडं सरकवला आणि तिथंच राहू दिला.