गुरुवारची बाटली

बापूरावांना कुणी ‘चुकलात’ म्हटलेलं खपत नसे. कारखान्याच्या तपासणी खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचाच पगार घेतला, मग स्वतःच्या कशा दिसणार? निवृत्तीनंतर बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये ते, पत्नी दुर्गाबाई आणि ठकी नावाची मांजर, एवढंच खटलं. ठकी मूळची लेकीची, पूर्णिमाची. पूर्णिमाला आयटी कंपनीनं अमेरिकेला धाडलं आणि ठकी आई-वडिलांच्या पदरात पडली.

त्या ठकीला झाला मधुमेह. आता बोला! जनावरांची डॉक्टर नीरजा म्हणाली, स्वादुपिंडाला सूज आहे, दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचा आणि दूध बंद करा. बापूराव सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला टोचू लागले. मिनिट इकडचं तिकडे नाही. तरी मेली साखर उतरेना! नवी बाटली आणली की ठकी चार दिवस जरा सावरायची, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. वाडगेच्या वाडगे पाणी प्यायची आणि अंगावर मात्र नुसती हाडं. डॉक्टरांनी दोन युनिटांची चार केली, चाराची सहा. तिसऱ्या महिन्यात तिचे मागचे पाय लुळे पडले. फरफटत बापूरावांच्या खुर्चीपाशी यायची आणि वर बघत बसायची. त्यांचं डोकंच फिरायचं.

आणि राग निघायचा दुर्गाबाईंवर.

“तूच चोरून दूध घालतेस तिला.”

“अहो, मी कशाला घालू?”

“मुका जीव, मुका जीव करत डोळे पुसत असतेस ना, म्हणून.”

“शपथ घेऊ का?”

“शपथेनं साखर उतरते का?”

एवढ्यावर थांबतील तर ते बापूराव कसले! पातेल्यात पट्टी बुडवून ते दूध मोजू लागले. दुर्गाबाई आधी भांडल्या, मग रडल्या, मग गप्पच झाल्या. चहात दूध घालायचं तरी नवऱ्याला हाक मारून, त्याच्या देखत घालायच्या.

एका शुक्रवारी ठकीनं खाणं सोडलं, वर ओकाऱ्या सुरू झाल्या. बापूरावांनी तिला टोपलीत घातलं, बाटली खिशात टाकली आणि तणतणत दवाखाना गाठला.

“औषधच बोगस आहे तुमचं!”

नीरजानं बाटली उजेडात धरली. आत बारीक गुठळ्या तरंगत होत्या.

“काका, ही ठेवता कुठे?”

“फ्रिजमध्ये. आणि गुरुवारी दिवसभर वीज नसते, म्हणून सकाळचं टोचून झालं की वीज जायच्या आत बर्फाच्या कप्प्यात. वीज आली की पुन्हा खाली. एक गुरुवार चुकवलेला नाही मी!”

नीरजानं बाटली टेबलावर ठेवली.

“काका, इन्सुलिन एकदा गोठलं की वाया गेलं. फ्रिजचं दार बंद ठेवलं असतं तरी पुरलं असतं हो. दर नव्या बाटलीच्या पहिल्या गुरुवारनंतर तुम्ही तिला जवळजवळ पाणीच टोचत होतात.”

ठकीला सलाईन लावलं. नव्या बाटलीतून पुन्हा दोन युनिटांपासून सुरुवात. वाचेल का, विचारलं तर नीरजा म्हणाली, उद्यापर्यंत काहीच सांगता येत नाही.

रिकामी टोपली घेऊन ते घरी आले. दार उघडताच दुर्गाबाईंनी टोपलीत पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“आहे, आहे. सलाईनवर आहे,” ते घाईनं म्हणाले. मग उंबऱ्यातच उभं राहून सगळं सांगितलं. गुरुवार, बर्फ, गुठळ्या. “तुझं काही नव्हतं. माझं चुकलं.”

आता बाई आकाशपाताळ एक करणार, अशा तयारीनं ते उभे होते. करावंच तिनं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

दुर्गाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

“म्हणजे मी नव्हतेच ना?” त्या म्हणाल्या. “मला वाटायला लागलं होतं हो, मीच घालत असेन, आणि घातल्याचं विसरत असेन.”