एकेचाळीस गिझर

मिस्त्रीकाका वीस वर्षं एकाच दुकानाचे गिझर बसवत होते. छातीवर दुकानाचं नाव असलेला निळा शर्ट ते रोज स्वतः इस्त्री करायचे. तो शर्ट दिसला की लोक निर्धास्त दार उघडायचे, आणि काकांना त्याचा कोण अभिमान!

मग मालकांचे जावई दुकानात बसू लागले आणि मेसेजांचा मारा सुरू झाला. 'तातडीची सूचना! गिझरवर सूट!' 'धोक्याचा इशारा! ऑफर आज संपणार!' मेली संपायची कुठली, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

"जावईबापू, लोक वैतागतात हो," काका म्हणाले.

"तुम्ही पाने-पकडी सांभाळा, काका. शंभरातला एक आला तरी आपण जिंकलो."

उरलेल्या नव्व्याण्णवांचं काय, हे विचारायची सोय नव्हती. जावई पडले ना!

सोमवारी सकाळी कारखान्यातून फोन आला. नुकत्याच विकलेल्या एकेचाळीस गिझरांचे सेफ्टी व्हॉल्व्ह सदोष होते. वाफ कोंडली तर टाकी फुटणार. जावयांनी लगेच मेसेज धाडला, 'तातडीची सूचना! गिझर बंद ठेवा.' उत्तरं आली दोन. दुकानातून फोन लागेनात, काकांच्या मोबाइलवरून लागले तर दुकानाचं नाव ऐकताच लोक ठेवून देत. काकांच्या सख्ख्या बहिणीकडेही त्यातलाच गिझर होता.

"तुमच्या दुकानाचा नंबर मी केव्हाच ब्लॉक केलाय, दादा. रोज काय ती कटकट!"

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बहिणीची ही तऱ्हा, मग परक्यांना काय बोल लावणार?

पिशवीत नवे व्हॉल्व्ह भरून ते दारोदार फिरले. कुठे गयावया केली, कुठे शिव्या खाल्ल्या. शेवटचं घर चौथ्या मजल्यावर होतं. बेल वाजवली तेव्हा आतून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

"काही नकोय आम्हाला!" दाराच्या भिंगातून शर्ट बघूनच बाई ओरडली.

"ताई, गिझर बंद करा! धोका आहे!"

"तुमचा रोजच धोका असतो! बाळाची अंघोळ व्हायचीय, पाणी तापतंय. निघा!"

पाणी तापतंय! काकांनी दार बडवलं, पण आत पावलं लांब गेली. मग त्यांनी बटणं सोडली, शर्ट काढला आणि उंबऱ्यापाशी फेकला.

"हा बघा, काढला! मी कुणाच्या दुकानाचा नाही! तुमच्या बापासारखा आहे, एवढं एकदा ऐका!"

पावलं परत आली. कडी निघाली.

वीस वर्षं इस्त्री केलेल्या शर्टावर पाय देऊन काका आत धावले.