मागच्या सीटचा ब्रेक

मित्रांनो, मला दोन सीट आहेत, दोन हँडल आहेत आणि पेडलच्या जोड्याही दोन. मी न्युरेम्बर्गची एक जुनी जोडसायकल. एका लहानशा कारखान्यात माझा सांगाडा जोडला, हिरवा रंग दिला आणि कामगारांनीच मला पहिली चक्कर मारून आणली. पुढे एका जर्मन जोडप्याने मला बरीच वर्षे हौसेने फिरवले. लोक थांबून बघायचे. मग त्या जोडप्यातल्या आजोबांचे गुडघे थकले आणि मी त्यांच्या तळघरात गेले. साखळी गंजली, टायर बसले.

तिथून मला मीनलने बाहेर काढले. ती मूळची पुण्याची, इथे इंजिनीअर. तिच्या मुलीला, कुहूला, जेमतेम उजेड आणि अंधार कळतो. एकटीने सायकल चालवणे तिला शक्य नव्हते. माझ्यावर मात्र आई पुढे बसे आणि ती मागे. मीनल मराठीत बोलायची, कुहू जर्मनमध्ये उत्तर द्यायची.

या उन्हाळ्यात दोघी आल्टम्युल नदीच्या काठाने केल्हाइमला निघाल्या. तिथे ही नदी डॅन्यूबला मिळते. कुहूला दोन्ही नद्यांच्या पाण्यात हात घालायचा होता. सुरुवातीचे दिवस मजेत गेले. मग समोरून जोराचा वारा सुटला. तू पाय नुसते ठेव, पेडल मी मारते, असे मीनल सारखी म्हणायची. शेवटी तीच दमली आणि मला एका छोट्या स्टेशनात घेऊन आली.

एवढी लांब सायकल गाडीत चालणार नाही, असे गार्डने सांगितले. मीनल विनवू लागली. माझ्या मुलीला दिसत नाही हो, असे ती म्हणू लागली, तशी कुहूने तिची बाही ओढली आणि ती चक्क मराठीत म्हणाली,

"आई, माझ्या डोळ्यांचं त्याला सांगू नकोस. आपण सायकलनेच जाऊ."

"अगं, वारा केवढा आहे. दमशील तू."

"तू मला दमूच देत नाहीस."

मीनलने मला फलाटावरून मागे वळवले. गाडी निघून गेली.

कोण किती जोर लावतो, हे माझ्या साखळीला बरोबर कळते. त्या दुपारी मागच्या पेडलवर असा जोर आला की माझे जुने सांधे करकरले. चढावर दोघी धापा टाकत होत्या, पण मीनलने एकदाही 'राहू दे' म्हटले नाही.

केल्हाइमला कुहूने दोन्ही पाण्यांत हात घातला. डॅन्यूब जास्त गार आहे, असा निकाल दिला. मग तिने विचारले, "उतारावर ब्रेक मी लावू?"

गावातल्या सायकलच्या दुकानात मीनलने माझ्या मागच्या हँडलला ब्रेक बसवून घेतला. पहिल्याच उतारावर ती "आता" म्हणाली आणि तिने स्वतःची बोटे ब्रेकवरून उचलली. कुहूने मला सावकाश, अगदी नीट थांबवले.

मित्रांनो, आपल्या सायकलीला तेल द्या, हवा भरा, पावसात उभी करू नका. पण झिजेल म्हणून तिला कुलूप लावून ठेवू नका. आम्हाला रस्त्यावर न्या. चढ आम्हालाही आवडतात.