पट्टीवरची पांढरी रेघ

कारभारीने सीडी परत एकदा बनियनला पुसून प्लेअरच्या तोंडात घातली, तेव्हा जयमालेला वाटलं, हा बाबा आज आपल्या लेकीच्या लग्नाचा खेळखंडोबा करणार. सोनईत त्याचं व्हिडिओचं दुकान. प्लेअर भाड्याने देतो म्हणजे काय मेकॅनिक झाला? पण बोलायची सोय नव्हती. प्लेअर त्याच्याकडेच मिळायचा आणि अंधार पडायच्या आत त्याला तो दुसरीकडे न्यायचा होता.

"आता लागंल," कारभारी म्हणाला.

चित्र लागलं ते भराभरा खाली पळायलाच लागलं. त्याने रिमोटचं बटण दाबलं तेव्हा कुठे स्थिरावलं. पडद्यावर सम्राट उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, केस पाणी लावून चापून बसवलेले. त्याचे हात चालू झाले. आवाज नव्हताच. कुठून असणार? पोरगा जन्माचा मुका-बहिरा. जयमालेची शुभांगीही तशीच. नगरच्या शाळेत दोघं एका वर्गात शिकली होती आणि लग्न करायचं तर ह्याच्याशीच, हे शुभांगीने आईच्या तळहातावर केव्हाच लिहून टाकलं होतं.

तळहातावर लिहायचं ही त्या मायलेकींची लहानपणापासूनची रीत. पोरीने बोटाने अक्षरं काढायची, आईने ती घराला सांगायची. आईचे ओठ पोरगी बरोबर वाचायची. बापाचे तिला वाचता येत नसत, कोंडीरामाच्या मिशाच तशा होत्या. बापलेकीत आजवर जे काही बोलणं झालं ते सगळं जयमालेच्या तोंडून.

आणि हेच कोंडीरामाला आता खुपायला लागलं होतं. सम्राट पाहायला येऊन गेला, तेव्हा त्याचे हात शुभांगीने वाचले, आईच्या हातावर लिहिले, आईने सांगितले. पाहुणे उठल्यावर कोंडीराम म्हणाला, "त्यो बोल्ला का तू बोल्लीस, मला कसं कळायचं?" ही गोष्ट पार अकोल्याला सम्राटच्या घरी पोचली. मग नगरला सावेडीत लग्नाची शूटिंग करणाऱ्या त्याच्या भावाने ही सीडी बनवून धाडली. सम्राट हातांनी बोलेल आणि खाली अक्षरं उमटतील. मध्ये कोणी नको.

आता अक्षरंच उमटेनात.

"न्हाई दिसत," कोंडीराम म्हणाला. "मी नेवाशाच्या पाव्हन्याला सांजच्याला फोन करतो म्हनलोय." नेवाशाचा पाहुणा म्हणजे बिजवर, पदरात एक पोर. पण किराणा दुकान होतं आणि माणूस तोंडाने बोलायचा. त्या दोन गोष्टींनी कोंडीरामाचं मन तिकडे झुकलं होतं. शुभांगी त्याच्या फोटोकडे बघायलाही तयार नव्हती.

कारभारीने वायरी उपसल्या, परत खोचल्या. प्लेअर टीव्हीला जोडणारी डबी हलवून बघितली. "अक्षरांचं मागनं बघू दादा. आदी ही रेघ घालवू द्या."

टीव्ही लाकडी शोकेसमध्ये होता. तो पुढे घसरू नये म्हणून कोंडीरामाने समोर चार बोटं रुंद पट्टी ठोकून घेतली होती आणि तिच्यावर जय भीमचा निळा स्टिकर लावला होता. त्या पट्टीच्या बरोबर वर पडद्यावर एक पांढरी रेघ येत-जात होती.

कोंडीराम कंटाळला. "इचार तिला, काय म्हनतोय."

जयमालेने हात पुढे केला. पडद्यावरची नजर न हलवता शुभांगी लिहीत गेली. मला व्यसन नाही. आईवडील माझ्याजवळ राहतात. जयमाला सांगत गेली. मग बोट थांबलं आणि सावकाश पुढे सरकलं. छापखाना बंद पडला. माझी नोकरी गेली.

जयमालेने पडद्यावरच्या सम्राटकडे बघितलं. अरे बाबा, त्या नोकरीच्या जोरावर तर मी इतके दिवस नवऱ्याशी भांडतेय, आणि तू आजच हे बोलून दाखवतोस?

"काय म्हनतो?"

"म्हनतो, छापखान्यात कायम केलंय."

बोलून गेली. शुभांगी तिच्या ओठांकडेच बघत होती. तिने आपलं बोट मागे घेतलं.

कोंडीराम पहिल्यांदाच जरा हलला. "कायम? मग हरकत न्हाई." थोडा वेळ मिशीवरून हात फिरवत बसला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे कारभारी, न्हाई जमत तर. हिच्यावर इश्वास ठेवतो."

झालं. आयतीच वेळ चालून आली होती. जयमालेने सुटकेचा श्वास घेतला आणि सहज तिची नजर पडद्यावर गेली. पांढरी रेघ मध्येच तुटत होती. तिच्यावर एक वेलांटी उगवली, गेली. मग दोन मात्रा. ती रेघ नव्हती, अक्षरांची डोकी होती. अक्षरं मघापासून तिथेच होती, पट्टीच्या मागे. सिनेमा बघताना खालचं कोणाला कधी लागलंच नव्हतं.

गप्प बस, तिने स्वतःला बजावलं. कारभारी जाईल, प्लेअर जाईल, पोरीचं सोनं होईल.

शुभांगी उठून आत गेली. आली ती स्वयंपाकघरातला पाट घेऊन. पाट तिने टीव्हीशेजारी ठेवला, टीव्हीची एक बाजू दोन्ही हातांनी धरली आणि आईकडे बघत उभी राहिली.

"ताई, वायरी तुटत्याल," कारभारी म्हणाला. तिला कुठे ऐकू येतंय.

हिला कळतंय का आपण काय करतोय? जयमालेला पोरीचा रागही आला आणि स्वतःची लाजही वाटली. स्वतःचं लग्न हातचं जाऊ देईल, पण खोट्यावर करणार नाही, अशी ही कार्टी. ती नजर काही हटेना. शेवटी जयमाला उठली. तिने दुसरी बाजू धरली, दोघींनी टीव्ही उचलला आणि पायाने पाट खाली सरकवला.

कारभारीने सीडी पहिल्यापासून लावली. पट्टीच्या वर अख्खी अक्षरं आली. कोंडीराम बोट लावल्यासारखं एकेक वाचत गेला. "छापखाना बंद पडला. माझी नोकरी गेली. भावाकडे काम शिकतो आहे. तुम्हाला लग्नाआधी कळावं."

कोंडीराम बायकोकडे वळला. "कायम केलंय म्हनलीस."

जयमालेने मान खाली घातली.

कोंडीराम उठला, लेकीसमोर जाऊन बसला आणि त्याने आपला हात पुढे केला. असा त्याने तो कधी केला नव्हता, त्यामुळे शुभांगी आधी आईकडेच बघायला लागली. कोंडीरामाने मिशा बोटांनी बाजूला धरल्या. "नोकरी न्हाई त्याला. तरी?"

तिने लिहिलं. त्याला कळलं नाही. तिने परत लिहिलं.

"व्हय म्हनती," तो म्हणाला. "कारभारी, नेवाशाला फोन लाव. म्हनाव, पोरगी अकोल्याला दिली. नोकरी मिळंल त्याला. खरं बोलनारा कुठं मिळायचा?"

तो हात काढून घ्यायला लागला, पण शुभांगीने सोडला नाही. ती अजून लिहीत होती. त्या राठ तळव्यावर एकेक अक्षर कोंडीराम मोठ्याने वाचत होता.

"आ... ई... ला... बोलू... नका."

जयमालेने तोंडाला पदर लावला.

"न्हाई बोलत," कोंडीराम म्हणाला. मग पोरीला कळावं म्हणून मिशा वर धरून परत म्हणाला.