गुलाबी खोबणीचं नशीब

मी साउंड कार्ड बोलतोय. तुम्ही म्हणाल, त्यात नवल काय, बोलणं हाच तुझा धंदा. पण आजवर मी फक्त दुसऱ्यांचं बोलणं पोहोचवत आलो. सिनेमातले नायक बोलले, खलनायक बोलले, एकदा एक मांजरही बरंच बोललं. माझं स्वतःचं असं एकही वाक्य कोणी ऐकलेलं नाही. ते आज ऐकावं. फार वेळ घेणार नाही.

दिसायला मी म्हणजे तळहाताएवढी हिरवी पट्टी. कॉम्प्युटरच्या पोटात उभी राहते आणि एक कड तेवढी मागच्या बाजूने बाहेर डोकावते. त्या कडेवर ओळीने रंगीत खोबणी. हिरवीत पुढच्या स्पीकरची वायर, काळीत मागच्या, नारिंगीत मधल्या स्पीकरची. माणसांचे संवाद त्या मधल्यातून येतात. निळी कशासाठी ते कारखान्यालाच ठाऊक. उरली गुलाबी. ती माइकसाठी. या घरात प्रत्येकाचा आवाज माइकशिवायच तीन खोल्यांत जात असल्यामुळे गुलाबी खोबण कायम रिकामी राहिली. मी तिचा कान म्हणून उपयोग केला. त्यामुळेच हे सगळं सांगू शकतो.

माझा जन्म कारखान्यातला. सरकत्या पट्ट्यावर माझी भावंडं रांगेने येत होती आणि शेवटी टोपी घातलेली एक बाई बसली होती. तिने मला एका तारेला जोडलं, एक सूर ऐकला, मान हलवली, आणि मी पास झालो. इतकी कमी प्रश्नांची परीक्षा नंतर मी कुठे पाहिली नाही.

दुकानात काही दिवस धूळ खाल्ल्यावर मला ज्या माणसाने घरी नेलं, तो विमा कंपनीत कामाला होता. कोणतीही गोष्ट मुळापासून समजावून सांगायची त्याला सवय, म्हणून बायको त्याला प्रोफेसर म्हणायची. बायको दातांची डॉक्टर. लोकांचं तोंड उघडं ठेवायचं आणि तरी त्यांना बोलू द्यायचं नाही, ही तिच्या कामातली कला तिला घरीही फार उपयोगी पडायची.

घरात आणखी दोघं होती, प्रोफेसरचे आईवडील, माई आणि आप्पा. आप्पा छापखान्यात मशीनवर होते आणि माई त्याच छापखान्यात प्रुफं तपासायच्या. मशीनच्या धडधडाटाने आप्पांचे कान हळूहळू गेले. माईंची नजर मात्र अशी तयार झाली, की औषधाच्या बाटलीवरची छपाईची चूक त्यांना औषधाआधी दिसायची.

कानाच्या यंत्राचा विषय निघाला की आप्पांचं उत्तर ठरलेलं. "जन्मभर यंत्रानं कान खाल्ले. आता त्यालाच तिथं राहायला जागा देऊ?"

प्रोफेसरने हॉलची एक भिंत पांढरी रंगवली, समोर प्रोजेक्टर टांगला, कोपऱ्याकोपऱ्यात स्पीकर बसवले आणि या सगळ्याचा कारभार ज्या कॉम्प्युटरकडे दिला, त्याच्या पोटात मला बसवलं. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचा असा नेम पडला. आप्पा सोफ्याच्या टोकाला बसत, माई त्यांच्या उजव्या कानाशी, कारण डावा कान पूर्ण निवृत्त झालेला. पडद्यावर कोणी तोंड उघडलं की माई ते वाक्य आप्पांच्या कानात सांगत. प्रोफेसर आणि डॉक्टरीणबाई पुढच्या गाद्यांवर, पडद्यात गुंग.

मूळ वाक्य पाठवणारा मी. त्यामुळे निघालेलं वाक्य आणि पोहोचलेलं वाक्य यांतला फरक त्या घरात माईंखेरीज फक्त मला कळायचा. फौजदार म्हणाला, "धरा त्याला." माईंनी सांगितलं, "म्हणतोय, आधी नीट चौकशी करा." खलनायक हिरोला म्हणाला, "तुला जिवंत सोडणार नाही." माई म्हणाल्या, "तापट आहे जरा, पण मनानं वाईट नाही." एकदा तर भर कोर्टात वकिलाने आरोपीला रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यायला बजावलं. आप्पांनी मान डोलावली आणि घरी बसल्या बसल्या ती घेतलीसुद्धा.

आप्पांचा सगळ्यांत आवडता सिनेमा एका बोटीच्या कप्तानाचा होता. शेवटी कप्तान धक्क्यावर बायकोच्या कानाशी वाकून काहीतरी बोलतो आणि बोटीवर चढतो. काय बोलतो? माईंनी सांगितलं होतं, "दिवा चालू ठेव, मी येतोच." आप्पांना ते वाक्य इतकं भावलं, की ते स्वतः तेच म्हणू लागले. कोपऱ्यावर पेपर आणायला निघाले तरी दारातून म्हणायचे, "दिवा चालू ठेव, मी येतोच." बाहेर टळटळीत ऊन असायचं. आणि माई खरोखरच उठून दारातला दिवा लावायच्या. विजेची ही उधळपट्टी प्रोफेसरला कधी समजावून सांगता आली नाही.

पुढे वय झालं, माझंही. वायरी घालून काढून हिरव्या खोबणीत खरखर सुरू झाली. शब्द नीट येईनात, म्हणून प्रोफेसर आवाज वाढवायचा, की खरखरही त्याच प्रमाणात वाढायची. त्या गदारोळात माईंचं वाक्य अर्ध्या वाटेतच बुडायचं. आप्पा त्यांचा हात ओढून विचारायचे, "काय म्हणाला?" प्रोफेसर मागे वळून बघायचा, बोलायचा काही नाही. पण न बोललेलं आप्पांना चांगलं ऐकू यायचं.

एका शनिवारी ते म्हणाले, "माझं डोकं जड झालंय, तुम्ही बघा," आणि आतल्या टेबलाशी पत्ते लावत बसले. पुढच्या शनिवारीही डोकं जडच. माई त्यांच्यामागोमाग आत गेल्या. सोफा रिकामा राहिला, आणि त्याच्याकडे पाठ करून बसलेल्या दोघांना तो पडद्यापेक्षा जास्त दिसू लागला.

"कार्ड बदलू," प्रोफेसर म्हणाला. "नव्या कार्डांत फक्त संवाद उचलून मोठे करता येतात. आप्पांना प्रत्येक शब्द ऐकू येईल. म्हणजे त्याचं असं असतं, की माणसाचा आवाज हा मुळात..."

"आण," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

माई मात्र म्हणाल्या, "कशाला? आहे ते बरं आहे की. खरखर काय, पावसाचे सिनेमे बघू."

हे त्या माउलीचं बोलणं ऐकून माझं मन भरून आलं. ती माझी बाजू घेतेय असं मला वाटलं. माझा गैरसमज संध्याकाळपर्यंत टिकला. संध्याकाळी हॉलच्या टेबलाशी भाजी निवडताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "माई, तुम्हाला हे नवं कार्ड का नको?"

"नको कशाला म्हणेन?" माई म्हणाल्या. मग बऱ्याच देठांनंतर म्हणाल्या, "त्यांना सगळं ऐकू यायला लागलं तर मग मी तिथं बसून काय करू?"

"बघा की सिनेमा. आमच्यासारखा."

"मला सिनेमा कुठं आवडतो? मी त्यांना सांगायला बसते." आणि आवाज उतरवून, "शिवाय मी सांगते ते अगदी सगळं तसंच असतं असं नाही."

डॉक्टरीणबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. "म्हणजे?"

"चूक दिसली की दुरुस्त करायची, तोच माझा धंदा होता. छापखाना सुटला, हात थोडाच सुटतो? पण त्यांना कळलं, की इतकी वर्षं मी... जाऊ दे. काड्या बाजूला टाक."

नवं कार्ड आलं. काळंशार, अंगावर बारीक दिवा लुकलुकतोय. आवाज पाठवणाऱ्याला दिवा कशाला हवा, हे मला अजून कळलेलं नाही. कॉम्प्युटर उघडायचं काम डॉक्टरीणबाईंकडे, कारण प्रोफेसरच्या हातून स्क्रू पडतात. माहितीपत्रक वाचायचं काम त्याच्याकडे.

"घाबरू नका, दुखणार नाही," त्या मला म्हणाल्या, आणि एका झटक्यात मी बाहेर. खरंच दुखलं नाही. माणसं त्यांना का घाबरतात कोण जाणे.

टेबलावर पेपरच्या घडीवर पडून मी हॉल पहिल्यांदाच उजेडात पाहिला. नवं कार्ड बसलं, वायरी लागल्या, झाकण लागलं, कॉम्प्युटर सुरू झाला. आवाज शून्य. प्रोफेसरने पत्रक पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आप्पा दारात उभे राहून म्हणाले, "आता तुम्हालाही माझ्यासारखंच ऐकू येतंय."

शेवटी चूक सापडली. कॉम्प्युटरने मधल्या काळात सगळा आवाज प्रोजेक्टरकडे वळवला होता, आणि आमचा प्रोजेक्टर जन्मापासून मुका. डॉक्टरीणबाईंनी ते बदललं. आवाज असा निघाला, की मला मत्सर वाटायलाही उसंत मिळाली नाही. एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा.

"आप्पा, या," प्रोफेसर ओरडला. "तुमचा कप्तान लावतोय."

माई म्हणाल्या, "आज दुसरं काहीतरी लाव ना. तो किती वेळा बघायचा?"

"माई, पण त्यांना तो पहिल्यांदाच ऐकू येणार आहे."

आप्पा सोफ्याच्या टोकाला बसले. माई शेजारी, पण थोडं अंतर राखून. कप्तानाने पहिलं वाक्य उच्चारलं आणि आप्पा ताठ झाले. "ऐकू येतंय मला," ते म्हणाले. प्रोफेसरचा चेहरा पांढऱ्या भिंतीपेक्षा उजळला. सिनेमाभर आप्पा एकटे ऐकत होते. अधूनमधून कपाळाला आठ्या पडत होत्या. मध्येच म्हणाले, "हा कप्तान आज फार उद्धट बोलतोय." माई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

धक्का आला. कप्तान बायकोच्या कानाशी वाकला आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाला, "वाट पाहू नकोस."

बोट गेली.

"मागे घे," आप्पा म्हणाले.

प्रोफेसरने मागे घेतलं. कप्तान पुन्हा वाकला. "वाट पाहू नकोस."

आप्पा माईंकडे वळले. "काय म्हणाला तो?"

"ऐकलंत की तुम्ही," माई जमिनीकडे बघत म्हणाल्या.

"मी ऐकलं. तू काय म्हणतेस ते विचारतोय."

माईंनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. दवाखान्यात दिवसभर पेशंटना सांगतात तेच त्यांनी खुणेने सांगितलं, तोंड उघडा.

"दिवा चालू ठेव," माई हळूच म्हणाल्या. "मी येतोच."

"हं," आप्पा म्हणाले. "मग बरोबर आहे." आणि मुलाला म्हणाले, "हे तुझं नवं कार्ड कच्चं प्रूफ वाचून दाखवतंय. जन्मभर मी हिनं तपासलेलंच छापलं. आता या वयात बिनतपासलेलं नको."

माई म्हणाल्या, "तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावू कशाला? मला वाटायचं, सिनेमावाले इतकं चांगलं लिहितात तरी कसं. आता कळलं. सरक इकडं, एवढी लांब काय बसलीस."

प्रोफेसर तोंड उघडून काही समजावायच्या बेतात होता. बायकोने त्याला खाजगी उपचार केले, म्हणजे कोपराने ढोसलं.

आता नव्या कार्डाचं काय करायचं? परत तर करवेना, आवाज फार गोड होता. शिवाय मोठ्या आवाजात माईंचं बोलणं बुडण्याचा प्रश्न होताच. तेव्हा डॉक्टरीणबाईंची नजर पेपरच्या घडीवर गेली. मी तिथेच होतो. त्यांनी मला उचललं, आडवंतिडवं फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "याला काही झालेलं नाही. नुसतं किटण साचलंय." दवाखान्यातला बारीक ब्रश आणून त्यांनी माझी हिरवी खोबण घासली. इतका मळ निघाला, की मलाच संकोच वाटला.

"म्हणजे नवं आणायच्या आधी हे केलं असतं तर?" प्रोफेसर म्हणाला.

"तर तुला खोका उघडायला मिळाला नसता. आणि आपल्याला काहीच कळलं नसतं."

कॉम्प्युटरच्या पोटात एक जागा रिकामी होती. नव्याच्या खाली त्यांनी मला बसवलं. हिरव्या खोबणीत आप्पांसाठी मोठा हेडफोन. तो कानाचं यंत्र नसून टोपी आहे, असं सर्वानुमते ठरलं. आणि मग त्यांनी एक लहानसा माइक आणला, माईंच्या हातात दिला, आणि त्याची वायर माझ्या गुलाबी खोबणीत घातली. आयुष्यात पहिल्यांदा.

माईंनी माइककडे संशयाने पाहिलं आणि विचारलं, "अहो, ऐकू येतंय का?"

तो आवाज माझ्यातून गेला. आप्पा दचकले, मग हसले, इतके की हेडफोन घसरून नाकावर आला.

आता दर शनिवारी नवं कार्ड सगळ्या घराला मूळ सिनेमा ऐकवतं आणि मी आप्पांना दुरुस्त केलेला. गेल्या शनिवारी मध्येच प्रोफेसर मागे सरकून म्हणाला, "आप्पा, एक बाजू माझ्या कानाला द्या ना." आप्पांनी दिली नाही. नव्या कार्डाने मला हळूच विचारलं, "खाली काय चाललंय एवढं?" मी म्हटलं, तुला दिवा आहे, मला माई आहेत.

एक विनंती. जुनी वस्तू भंगारात टाकण्याआधी तिच्याकडे असं काय आहे, की जे तुम्ही कधी वापरलंच नाही, एवढं एकदा बघा.

माई खाकरल्या, सिनेमा सुरू होतोय. निरोप घेताना "वाट पाहू नका" म्हणणार होतो. पण ते माईंच्या तपासणीतून पार पडणार नाही.