एक नंबर लहान कडं

त्या सकाळी जाळ्यात एकदम पाखरांची झुंबड उडाली आणि सूनबाईच्या अंगात आलं. तळ्याकाठी पाखरं धरून, पायात कडी घालून त्यांची नोंद ठेवायची, हे सासऱ्यांचं जन्माचं काम. आता कुठे त्यांनी पक्कड सुनेच्या हाती दिली होती. तेव्हा हात किती झपाझप चालतो ते दाखवायलाच हवं होतं ना! पाय मोजून कड्याचं माप ठरवायचं, एवढी साधी गोष्ट. तिने ती नजरेनेच उरकली. वटवट्या नावाच्या चिमुकल्या पाखराच्या मादीला एक नंबर लहान कडं घातलं आणि मूठ सैल केली. कडं पायात फिरत नाही हे लक्षात आलं, तोवर मादी लव्हाळ्यात दिसेनाशी झाली होती.

तिने लगेच सांगून टाकलं. सासरे रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, रोज पहाटे जाळी लावू, सापडेल.

सापडतेय कसली! बाकीची पाखरं यायची, काही तर माहेरी आल्यासारखी रोज तीच ती. ही एकटी जाळ्याला वळसा घालून जायची. दुर्बिणीतून दिसायचं, पाय सुजलाय, मादी कड्याला टोचतेय आणि तशीच पिलांना किडे भरवतेय. घरट्यावरच धरू, असं सूनबाईने सुचवलं. सासऱ्यांनी साफ नाही म्हटलं. घाबरून तिने घरटं सोडलं तर पिलं उपाशी मरतील. त्यांचं खरं होतं, म्हणून तर ती जास्त चिडली. पाखराचं बाळंतपण आपल्या घरावर आलंय, अशी नवऱ्याने जेवताना थट्टा केली. ती ताटावरून उठून गेली.

पिलं घरट्याबाहेर पडली त्या दिवशी एक जाळ्यात अडकलं आणि ओरडू लागलं. मादी आली. वळसा न घालता, सरळ.

सूनबाईने आधी पिलाला, मग तिला अलगद सोडवलं. तिने मादीला मुठीत धरलं आणि कडं सासऱ्यांनी कापलं. कडं निघालं आणि त्याच्याबरोबर खालचा वाळलेला पंजाही गळून पडला.

"एका पायावर जगतात काही," सासरे म्हणाले.

"किती जगतात, बाबा?"

सासरे पक्कड पुसत राहिले. तिने मूठ उघडली. मादी समोरच्या फांदीवर बसायला गेली, घसरली, पुन्हा बसायला गेली. सूनबाई बघत उभी राहिली. आता तिच्या हातून करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.